म्हयपतीनं हाक मारली न्हाय

म्हयपतीसारखा पळणारा आजूबाजूच्या सात गावांत न्हवता. हिंदुराव सांगायचा म्हणून न्हाय, खरंच न्हवता. हिंदुराव त्येचा थोरला भाऊ. चार यत्ता शिकलेला, सोलापुरात अक्कलकोट रोडला चादरीच्या मागावर कामाला. शेजारच्या मागावर सिद्धाराम असायचा. त्येला रोज ऐकून घ्यावं लागायचं.

"माझा भाऊ डोंगरानं पळाला की तुझी सायकल मागं पडंल बघ."

"डोंगरात सायकल कोण घालतंय, हिंदुराव?"

"मग भितोस म्हण की."

गाव त्यांचं बालाघाटाच्या पायथ्याला. मागं डोंगर, डोंगरावर सरकारनं राखलेलं जंगल. धावडा, सालई, करवंदीच्या जाळ्या, मोर, चिंकारा. त्या जंगलाची राखण पीरसाब करायचा. म्हयपती धाकटा असल्यापासनं त्येच्या मागं मागं फिरला, आन् पुढं पुढं पळायला लागला. पायवाट कसली ती, दगडावर दगड. तेवढ्यातनं पोरगं अनवाणी असं उतरायचं की पाय टेकल्याचा आवाज यायचा न्हाय. कुटं वणवा दिसला की पीरसाब त्येलाच गावात धाडायचा. पीरसाबनं सायबाच्या कानावर घातलं व्हतं, जत्रा झाली की म्हयपतीला जंगलाच्या कामावर घ्यायचं. म्हयपतीला दुसरं काय नको व्हतं. सोलापूरला ये म्हणलं तर म्हणायचा, "आण्णा, तितं चढ कुटं हाय?"

आता जत्रंचं सांगितलं पायजे. चैतात भैरोबाची जत्रा. त्या दिवशी डोंगरमाथ्यावरच्या टाक्यातलं पाणी तांब्यात भरून मान असंल त्या घरच्या गड्यानं पळत आणायचं, बरोबर कुणी न्यायचं न्हाय. तांब्या भुईला टेकवायचा न्हाय. आन् ज्येच्या हातात तांब्या, त्यानं देवाला पाणी घालून आरती हुईपर्यंत तोंडातनं शब्द काढायचा न्हाय. बाहत्तर साली ह्यो मान रावजीकडं व्हता. उतरताना त्येच्या पायात बाभळीचा काटा घुसला आन् तो "आये" म्हणला. येवढंच. एका गुराख्यानं ऐकलं. त्या साली पाऊस आलाच न्हाय, आन् सगळ्या दुष्काळाचं खापर रावजीवर फुटलं. लग्नाला त्येला कुणी बोलवंना, त्येच्या दारात कुणी बसंना. म्होरल्या साली मान घ्यायला कुणी पुढं आलं न्हाय.

चौऱ्याहत्तरला हिंदुराव सुट्टी काढून गावाला आला आन् चावडीवर उभा ऱ्हायला.

"मान आमच्या घराला द्या. माझा भाऊ आणतो पाणी."

म्हातारा कोंडीबा व्हता त्या वक्ती गावात वडीलधारा. तो म्हणला, "पळंल रं. पर गप ऱ्हाईल का? रावजीबी पळतच व्हता."

सगळी हसली. रावजी कोपऱ्यात बसला व्हता, त्यानं मान खाली घातली. हिंदुरावला ते हसणं लागलं. छाती काढून तो म्हणला, "पाय तुटला तरी माझा भाऊ ब्र काढायचा न्हाय. काढला तर ह्या गावात तोंड दावणार न्हाय मी."

म्हयपती दारातच उभा व्हता. त्यानं सगळं ऐकलं.

जत्रंदिवशी तांबडं फुटायला म्हयपती डोंगरावर गेला. ऊन अंगणात आलं की तो देवळात पोचायचा हिशोब व्हता. ऊन अंगणात आलं, पायरीवर आलं, देवळाच्या भिंतीवर चढलं, पर म्हयपती न्हाय. हलगीवाले दोनदा हलगी शेकून बसले. गोजरबाई, त्यांची आई, वाटंकडं बघून डोळं चोळत व्हती. कोंडीबा म्हणला, "टाकं आटलं का काय?" तसा हिंदुराव उठला आन् डोंगराकडं निघाला.

साळिंदराच्या खिंडीपतोर चढला. हाका मारत गेला. "म्हयप्या! ए म्हयप्या!" डोंगरानं हाक परत दिली, तेवढीच. वर टाक्यापतोर जाऊन आला. कडंचा वल्ला दगड दिसला, म्हंजी पाणी भरून निघाला व्हता. परत खिंडीत आला, परत हाका मारल्या. खाली करवंदीत एक खडा पडला. थोड्या वेळानं आणखी एक. हिंदुरावला वाटलं, वानरं. तो तसाच खाली उतरला, बरंच उतरला. मग त्येच्या मनात आलं, वानरं असती तर फांदी हलली असती. तो परत माघारी चढला.

जाळीच्या मागं म्हयपती पडला व्हता. डावा पाय गुडघ्याखाली मोडून हाड भाईर आलेलं. माश्या बसलेल्या. आन् तांब्या छातीवर, दोन्ही हातांनी धरलेला, वर फडकं बांधलेलं. खडे मारायला एक हात मोकळा करायचा आन् परत धरायचा. वीस पावलांवरनं भाऊ दोनदा हाका मारत गेला आन् तो गप पडून ऱ्हायला व्हता.

"आरं बोलायचं की रं," हिंदुराव म्हणला.

म्हयपतीनं तांब्या पुढं केला. डोळ्यानंच म्हणला, घे.

हितं कुणीबी म्हणंल, तांब्या फेकायचा आन् भावाला खांद्यावर घ्यायचा. हिंदुरावनंबी पुढं हजारदा तेच म्हणलं. पर त्या घटकंला त्येला चावडी दिसली, हसणारी माणसं दिसली, कोपऱ्यातला रावजी दिसला. आन् म्हयपतीचे हात पुढं आलेले. त्यानं तांब्या घेतला. घेतला तशी त्येचीबी वाचा बंद झाली.

तो पळत खाली आला. येशीवर हलगी कडाडली, माणसांनी गुलाल उधळला, कुणी विचारलं, "म्हयपती कुटं हाय?" हिंदुराव बोलला न्हाय. देवावर पाणी पडलं. गोजरबाईनं त्येचं मनगट धरून विचारलं, "हिंदू, बाळ कुटं हाय माजं?" तरी तो बोलला न्हाय. आरती लई लांबली त्या दिवशी. गावाला दोन सालांचं पाणी मागायचं व्हतं देवाकडं. हिंदुराव हात जोडून उभा, गालावरनं पाणी गळतंय, आन् लोक म्हणाले, किती भाव हाय बघा.

कापूर विझला तवा तो बोलला, "म्हयपती खिंडीत पडलाय."

सगळ्यात आदी पीरसाब पळाला, साठीचा माणूस. त्येच्या मागं रावजी. बाजेवर घालून आणलं, बैलगाडीनं सडकंला, सडकंवरनं ट्रकात सोलापूरला. पीरसाबनं गाडीत येवढंच म्हणलं, "हिंदुराव, मुझे इशारा तरी करना था." दवाखान्यात पोचायला सांज झाली. डाक्टरनं पाय बघितला आन् विचारलं, "एवढा वेळ कुठं होतात?"



पाय मांडीतनं काढला.

त्या साली पाऊस बरा झाला. गाव म्हणलं, म्हयपतीच्या सत्त्वानं झाला.

म्हयपती आता सोलापुरात ऱ्हातो, भावापाशी. मागाच्या शेडात भिंतीला टेकून बसतो आन् चरख्यावर सुताच्या कांड्या भरतो. हाताला पक्का हाय, त्येच्या कांडीचं सूत मागावर तुटत न्हाय, हे हिंदुराव सगळ्यांना सांगतो. खोटं न्हाय ते. रविवारी त्येला सायकलच्या क्यारिअरवर बसवून नव्या पेठंत नेतो. पेठ सगळी सपाट. परवा मात्र सायकल पुलाच्या चढाला लागली तवा म्हयपतीनं मागनं भावाचा सदरा धरला आन् हळूच म्हणला, "आण्णा, सावकाश घे की." वर पोचल्यावर म्हणला, "संपला व्हय?"

पंच्याहत्तरचा चैत जवळ आला तसा गावाकडनं निरोप आला. मान तुमच्याच घराला, चुलतभाऊबंदांतला कुणी गडी द्या. हिंदुराव फुलला. सिद्धारामला सांगून झालं, चहावाल्याला सांगून झालं. मग म्हयपतीला सांगितलं.

म्हयपती कांडी भरत व्हता. चरखा थांबवून म्हणला, "एवढं विचारून ये. पडला तर हाक मारू देणार का."

हिंदुराव गावाला गेला. चावडीवर उभा ऱ्हायला, पर ह्या खेपंला छाती काढली न्हाय. विचारलं. कोंडीबा म्हणला, "मग त्यात मान काय ऱ्हायला?"

"मग नको आमाला," हिंदुराव म्हणला. आन् रावजीच्या घरी जाऊन बसला, चहा घेतला, आन् मगच सोलापूरची गाडी धरली.

शेडात आला तवा म्हयपतीनं वर बघितलं.

"न्हाय म्हणले," हिंदुराव म्हणला. "सोडला मी मान. दुसऱ्या घराला दिला त्यांनी."

"कुणाच्या?"

"मायाप्पाच्या. धाकटा पळणार हाय त्येचा."

म्हयपतीनं मान हलवली. मायाप्पाचा धाकटा त्येच्याच मागनं खिंड उतरायला शिकला व्हता.

"आण्णा," तो म्हणला, "जत्रंदिवशी तू खिंडीत जाऊन बस. करवंदीपाशी. तुज्या हातात तांब्या नसंल."

हिंदुरावनं व्हय म्हणलं. चरखा परत सुरू झाला.