घड्याळजीच्या आजोबांचा हात

गिऱ्हाइकांनी त्याचं नाव 'एकमिनिट' ठेवलं होतं. घड्याळ हातात घेतलं की तो "एक मिनिट" म्हणायचा आणि ते मिनिट आठवडाभर चालायचं. पण त्याच्या हातून गेलेलं घड्याळ सहसा पुन्हा दुरुस्तीला यायचं नाही, म्हणून लोक थट्टाही करायचे आणि थांबायचेही.

त्या वर्षी त्याच्या उजव्या अंगठ्याला कंप सुटला. चिमट्यातून स्क्रू निसटायचा आणि तो चिमट्याच्या नावाने बोटं मोडायचा. नवा चिमटा आणला. त्यातूनही स्क्रू निसटला. त्याला आजोबा आठवले. पाहिलेले नव्हते, नुसते ऐकलेले.

आजोबाही घड्याळजीच, याच दुकानातले. एके दिवशी त्यांना गावाबाहेरच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं, ते परत आले नाहीत. वडील सांगायचे, दारूने गेले. पण पिणाऱ्या माणसाच्या गोष्टी घरात कधी संपत नाहीत आणि आजोबांच्या पिण्याची एकही गोष्ट त्याने ऐकली नव्हती. दारू असेल, तर ती त्यांच्याबरोबर गेली. हातापासून सुरू होऊन डोक्यात चढणारा आजार असेल, तर तो रक्तातून खाली उतरणार. वडील तापाने ऐन चाळिशीत गेले, त्यामुळे त्यांच्यावरून काही कळणार नव्हतं. राहिला तो स्वतः, आणि त्याच्यानंतर शेजारच्या टेबलावर काम करणारी त्याची मुलगी. ती पोटुशी होती.

तिला काही न सांगता तो शोधाला लागला. जन्ममृत्यूच्या कचेरीतला कारकून म्हणाला की लोक इथे पूर्वजांची जमीन शोधायला येतात, नुसता पूर्वज शोधणारा पहिलाच पाहिला. नोंद सापडली. मरतानाचं वय त्याच्या आताच्या वयाहून थोडंसंच जास्त. कारण लिहिलं होतं, अशक्तपणा. इस्पितळाचे कागद वाळवीने कधीच संपवले होते. जुन्यांपैकी उरलेल्या एकट्या आत्याला विचारलं, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मेलेल्यांना कशाला उठवतोस? आधीच कुठे सुखाने झोपलेत ते."

मग त्याला जे सुचलं ते घड्याळजीलाच सुचावं. दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या मागच्या झाकणावर आतून सुईने बारीक खूण कोरायची, ही या धंद्यातली जुनी पद्धत. साल, आणि पुढे ज्याची त्याची खूण. आजोबांची खूण म्हणजे एक आडवी रेघ. हात कापत असेल, तर रेघही कापणार. फुकट तेलपाणी करून देतो म्हणत त्याने जुन्या गिऱ्हाइकांच्या कपाटांतली घड्याळं मागवली. एकमिनिट फुकट काम करतोय म्हणजे जग बुडणार, असं लोक हसून म्हणाले. तोही हसला.

सुरुवातीच्या सालांतल्या रेघा केसासारख्या सरळ होत्या. मग एका झाकणावरची रेघ हलली होती, ओल्या पायांची मुंगी चालत गेल्यासारखी. त्याने ते झाकण पालथं घातलं. पण त्यानंतरच्या रेघा पुन्हा सरळ होत्या, अगदी इस्पितळात नेलं त्या सालापर्यंत. म्हणजे हात शेवटपर्यंत शाबूत होता. वडील खरं बोलत होते, दारूच. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

घड्याळं परत करायच्या आधी त्याने झाकणं जाड भिंगाखाली पुसायला घेतली. सुई टेकते तिथे रेघ खोल असते, उचलते तिथे निमुळती. आजोबांची रेघ डावीकडून सुरू व्हायची. त्या हललेल्या रेघेनंतरच्या सगळ्या रेघा उजवीकडून सुरू झाल्या होत्या.

वडील डावखुरे होते.

तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलेल्या मुलाने बापाचं काम स्वतः केलं होतं आणि खाली बापाची खूण कोरली होती. झाकता आलं तोवर झाकलं. नंतर दारूचं नाव पुढे केलं, कारण दारूच्या नावाला लोक नाक मुरडतात, पण घरातल्या लग्नाच्या पोरीबाळींकडे संशयाने बघत नाहीत.

मुलगी केव्हा मागे येऊन उभी राहिली, ते त्याला कळलं नाही. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने अडखळत सगळं सांगितलं. आजोबा, कचेरी, रेघा, आणि शेवटी अंगठा.

"अंगठ्याचं ठाऊक आहे मला, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही चहाला गेलात की तुमच्या टेबलावरची बायकांची बारीक घड्याळं मीच जोडते. तुम्हाला काय वाटलं, ती आपोआप चालतात?"

तिने स्टूल ओढून घेतलं, दिवा जवळ आणला आणि आपला उजवा हात त्याच्यापुढे धरला.

"बघा. भिंग लावून बघा आणि खरं काय ते सांगा."

त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. बोटं थरथरत होती. तिची की त्याची, ते कळायला तिचा हात सोडावा लागला असता. तो त्याच्याने सोडवेना.