सुमनआत्या आणि कांताबाईंचा पाय

दादाचा फोन आला तेव्हा मी लेबर रूममध्ये होते. नुकतंच एक बाळंतपण झालं होतं आणि एप्रनच्या खिशात फोन थरथरत होता. टाके घालून झाले, हात धुतले, मग बाहेर येऊन मी फोन लावला. "प्रज्ञा, सुमनआत्या गेली गं… जेवून जरा पडली होती, ती उठलीच नाही." मी "बरं" म्हणाले. नुसतं "बरं". आणि आत जाऊन बाळाचं वजन नोंदवलं. दीड महिना झाला, त्या "बरं"ची अजून लाज वाटते. आत्या असती तर तिनं आधी बाळाचं वजनच विचारलं असतं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तीस वर्षं ती नामपूरकडच्या खेड्यांत नर्स होती. निवृत्तीनंतर नाशिकला आमच्या समाजाच्या कॉलनीत दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची. अख्खी कॉलनी तिला "सिस्टर" म्हणायची. बारावीनंतर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत माझा पहिला प्रयत्न पार बुडाला, तेव्हा वडिलांनी मला सायखेड्याहून तिच्याकडे आणून सोडलं. वडील शाळामास्तर. पोरगी डॉक्टर होणार, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. त्यामुळे गावात राहून पुन्हा अभ्यास करणं मला शक्यच नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी मेथी निवडता निवडता आत्यानं विचारलं, "का व्हायचंय तुला डॉक्टर?"

"गोरगरिबांची सेवा करायचीय," मी पाठ केलेलं उत्तर दिलं.

"सेवा मी नर्स राहूनही केली की. खरं काय ते सांग."

माझ्याकडे खरं काहीच नव्हतं. हुशार मुलीनं डॉक्टर व्हायचं असतं, एवढंच ठाऊक होतं. आत्यानं निवडलेली मेथी धुवायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी क्लास, दुपारी पाठांतर, आठवड्याला एक टेस्ट असं माझं वर्ष सुरू झालं. मार्क मात्र होते तिथेच होते.

शेजारच्या गल्लीत कांताबाई राहायच्या. त्यांना साखरेचा त्रास, आणि तळपायाला झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोज ड्रेसिंग करायला सांगितलं होतं, आणि ते आत्या घरी जाऊन करायची. दिवाळीनंतर एकदा ती मला म्हणाली, "चल, बॅटरी धर जरा." तिनं पट्टी सोडली, वास आला, आत लाल-पिवळं काहीतरी दिसलं… आणि मी मोरीत जाऊन ओकले. कांताबाईच उलट मला धीर देत होत्या, "व्हतं बाई असं. मला बी लय किळस यायची आधी."

घरी आल्यावर मी आजवर कुणालाच न सांगितलेलं बोलून टाकलं. "आत्या, मला रक्त बघवत नाही. शाळेत कुणाचं नाक फुटलं तरी मी वर्गाबाहेर पळायचे. बाबांना सांग, मला नाही जमणार हे."

मला वाटलं, ती रागावेल. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. म्हणाली, नर्स म्हणून पहिलंच बाळंतपण करताना ती बाळंतिणीला तशीच टाकून अंगणात पळाली होती. गावातली म्हातारी सुईण मागोमाग आली आणि हात धरून म्हणाली, "भिऊ नको माय, मी शे ना." आत्याला तिकडची अहिराणी तेव्हा धड समजतही नव्हती. "पण तेवढं समजलं बघ," ती म्हणाली. "भीती जात नाही, प्रज्ञे. हात कामाला लागले की ती जरा बाजूला सरकून बसते. तू एक महिना कांताबाईंचा पाय कर. मग सोडायचं तर सोड. भावाला मी सांगेन."

पहिले चार दिवस मी श्वास रोखून काम केलं. आत्या पाठीशी उभी राहून नुसती "हळू… हळू" म्हणायची. कितव्या दिवशी ते आठवत नाही, पण जखमेच्या कडेला मला तांदळाच्या दाण्याएवढी गुलाबी, ओलसर कातडी दिसली. दुसऱ्या दिवशी ती थोडी पुढे सरकलेली होती. ही येते कुठून? हिला कुठे थांबायचं हे कोण सांगतं? त्या दुपारी मी पुस्तक उघडलं ते टेस्टसाठी नाही. पुस्तकात होतं ते पुरेना, म्हणून क्लासच्या सरांना गाठून प्रश्न विचारले. महिना संपला तरी मी जात राहिले. फेब्रुवारीच्या शेवटी कांताबाई कुणाचा हात न धरता बुद्धविहारापर्यंत चालत गेल्या. परत येऊन आत्याच्या ओट्यावर टेकल्या आणि नुसत्या रडत राहिल्या.

त्या दिवशी आत्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हणाले, "जखम कशी भरते ते मला नीट समजून घ्यायचंय." तिनं मान हलवली. "हे खरं आहे," म्हणाली.

त्या वर्षी मार्क जेमतेम पुरले. प्रवेश मिळाला तो विदर्भात, घरापासून रात्रभराच्या प्रवासावर.

मागच्या वर्षी सुट्टीत गेले, तेव्हा आत्या दोन पावलांवर दमत होती. मी हट्टानं तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. दोन ठोक्यांच्या मधे एक खरखर ऐकू आली, आणि ती कसली ते मला लगेच कळलं. "काय ऐकू आलं?" "काही नाही, ठीक आहे." तिनं माझ्या हनुवटीला धरून तोंड वर केलं. "पेशंटशी खोटं बोलायचं नाही." मग मी सांगितलं, हृदयाची झडप बिघडल्यासारखी वाटतेय. "बरोबर असशील तर मला अभिमान वाटेल," म्हणाली आणि हसली. तपासणीत तेच निघालं. वय आणि तब्येत बघून डॉक्टरांनी औषधांवरच ठेवलं. त्यानंतर तिला आठ महिने मिळाले.

आत्याचा जलदान विधी आटोपून मी कामावर परतले, तर वॉर्डात एक कोवळी बाई पोट घट्ट धरून बसलेली. पहिलीच खेप, कुणाला हात लावू देईना. मी तिच्याजवळ गेले आणि माझे तळवे एकमेकांवर घासू लागले. सोबतच्या डॉक्टर मैत्रिणीनं विचारलं, "तू नेहमी असं का करतेस गं?" नेहमी? मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मग आठवलं… नाशिकच्या थंडीत कुणालाही तपासण्याआधी आत्या अशीच कितीतरी वेळ तळवे घासत राहायची.

मी आणखी थोडा वेळ घासत राहिले. मग हात पुढे केला. त्या बाईनं पोटावरचे आपले हात बाजूला घेतले.