रामकुंडाच्या पुढं

नगरसोलहून नरसापूरच्या गाडीत बसलो, तेव्हा सासूबाईंच्या पिशवीत मळ्यातला झेंडू होता आणि माझ्या डोक्यात एकच काळजी, की यांना एवढा प्रवास झेपणार कसा? मखमलाबादच्या मळ्यातून पंचवटीत फुलं विकायला जायचं आणि परत यायचं, एवढंच त्यांचं फिरणं. सासऱ्यांनी बायकोला जन्मात कुठं नेलं नाही. विषय काढला की ‘मळा कोण बघणार?’ हे ठरलेलं. गेल्या वर्षी ते गेले. अस्थी रामकुंडात सोडल्या, आणि तेव्हापासून सासूबाईंनी धोशा लावला, पाण्यानं त्यांना कुठवर नेलं ते बघायचंय. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

जालना, परभणी, नांदेड. डबा भरतच गेला. नांदेडनंतर मराठी उतरून गेली आणि तेलुगू चढली. एवढी माणसं राहतात तरी कुठं, असं त्या पुटपुटत झोपी गेल्या.

सकाळी बाहेर मोठमोठे काळे खडक आणि त्यांच्यामधून भातशेती. सासूबाई कधीच्या उठून बसल्या होत्या, पण चेहरा पार उतरलेला. ऊन समोरून येत होतं.

“आपण चुकलो,” त्या म्हणाल्या. “ते दक्षिणेला गेले. ही गाडी उगवतीला चाललीय.”

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेला वळते, म्हणूनच तर तिथं अस्थी सोडतात. आमच्या नाशिकच्या माणसाला गोदावरी म्हटलं की तेवढीच दिसते. पण ते वळण जेमतेम घाटापुरतं. पुढं नदी पूर्वेला लागते. मी जेवणाच्या डब्याच्या झाकणात पाणी घेतलं आणि एक कड जरा उचलली. हा आपला सह्याद्री. देश इकडून उंच, तिकडं उतरता. मुंबईचा समुद्र हाकेवर असूनही आपलं पाणी पार दुसऱ्या समुद्राला जातं.

त्यांनी झाकणाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “म्हंजे चुकलेच असतील. सिन्नरच्या पुढं कधी गेले नव्हते. कोणाला विचारायचाबी सोभाव नाय.”

मला हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं. त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी धास्ती होती.

नरसापूरला केळीच्या पानावर भात, पप्पू (डाळ) आणि गोंगुरा (अंबाडी). जाळ नुसता! पण अंबाडी इकडंही पिकते, एवढ्यानं त्यांना जरा धीर आला. पुढं नावेनं पलीकडं जायचं होतं. काठावर येताच त्या थबकल्या. समुद्र आला म्हणाल्या. ही गोदावरीच आहे, तीही नुसती एक शाखा, हे त्यांना पटेना. नावेतल्या एका बाईनं मोडक्या हिंदीत गाव विचारलं. नाशिक म्हटल्यावर तिनं नदीकडं बोट दाखवलं, मग सासूबाईंचे हात धरून स्वतःच्या डोळ्यांना लावले. नदीच्या माहेरची बाई भेटली, एवढाच तो अर्थ. सासूबाई ओशाळल्या, पण पाण्यावरची नजर मग हलली नाही.

अंतर्वेदीला नदी संपते. गढूळ पाणी आत जातं आणि दूरवर निळं होतं. सासूबाईंनी ओंजळभर पाणी तोंडाला लावलं. खारट. झेंडू सोडला, लाटेनं तो दोनदा परत आणला, तिसऱ्यांदा नेला. मग त्या वाळूत बसल्या आणि माझ्याशी नाही, समोर बोलू लागल्या.

“मळा कोण बघणार म्हणायचे. आन् एवढ्या लांब आले. एकलेच.”

ते गेले त्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या. आता रडल्या. मीही रडले.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या टोपली घेऊन पंचवटीत हजर. शेजारणीनं विचारलं, काय बघितलं? लय लांब हाय, पण सरळ जातं, एवढंच सांगितलं. मी मात्र फळ्यावर नदीची निळी रेघ काढताना आता रामकुंडाशी जरा थांबते. त्या दिवशी संध्याकाळी पंचवटीतून घरी निघताना त्यांनीही मला तिथंच थांबवलं होतं.

“माझंबी इथंच सोडा,” त्या म्हणाल्या. “रस्ता बघून ठेवलाय आता.”