दवाखान्यातली मेंढरं

मंडळी, आज सकाळी बारामतीच्या एसटी स्टँडवर एक निवृत्त सिस्टर भेटल्या. भुवईवर जुनी खूण होती. सहज विचारलं, तर त्यांनी नव्वदच्या दशकातली हकिकत सांगितली. अंगावरचा काटा अजून गेलेला नाही, म्हणून लगेच लिहितोय.

तेव्हा त्या मनोरुग्णांच्या एका दवाखान्यात होत्या. तिथं कळस गावचे एक तात्या दाखल होते, उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवसभर शांत असायचे. एका संध्याकाळी सिस्टर गोळ्या घेऊन त्यांच्यासमोरून घाईनं गेल्या, आणि तात्यांनी तांब्याच फेकून मारला.

"मारका आहे. उद्यापासून बांधून ठेवा," डॉक्टर म्हणाले.

सोबतीला राहिलेली तात्यांची बायको रडायला लागली. "बाई, ह्या वक्ताला मेंढरं वाघरंत शिरत्यात, जाळीच्या कुंपणात. हे मोजत असत्यात. तवा आडवं कुणी जात न्हाय."

सिस्टरांनी डॉक्टरांकडून एक संध्याकाळ मागून घेतली. दुसऱ्या दिवशी त्या दारातच थांबल्या.

"तात्या, आली का सगळी?"

"आली. येक तुमच्या पायापाशी थांबलंय. जरा सरका की."

"मी सरकले," सिस्टर मला सांगत होत्या, "आणि पोटरीला काहीतरी उबदार घासून गेलं. तात्यांनी मुकाट्यानं गोळ्या घेतल्या. त्यांना कधी बांधावं लागलं नाही."

शाळेतल्या कवितांत तिन्हीसांजेला कळप घरी यायचे, किती गोड वाटायचं. आज मात्र वाटतं, ज्यांना आपण मारकं ठरवलं, त्यांच्या कळपातून आपण किती वेळा बेफिकीर चालत गेलो असू?