साहेबांपुढे हात बांधून

"त्याला सांगा, हात खाली घे. हे ऑफिस आहे," वर्क्स मॅनेजर म्हणाले.

"सर, हात खाली घेतले तर तो बोलणार कसा?" मी विचारलं.

"तो असाही बोलत नाही."

टेबलापलीकडे दौलत उभा होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. छातीपर्यंत उचललेला हात त्याने साहेबांचा चेहरा बघून खाली घेतला. चौकशी त्याची, नोकरी त्याची, आणि खोलीत काय चाललंय हे फक्त त्यालाच कळत नव्हतं.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. पिंपरीच्या आसपास तेव्हा शेतं जास्त आणि कारखाने थोडे. आमच्याकडे लोखंडी टाक्या बनत. मी लेबर ऑफिसर, म्हणजे नव्या कायद्यामुळे नाइलाजाने ठेवावा लागलेला माणूस. मालकाला वाटे मी कामगारांचा, कामगारांना वाटे मी मालकाचा.

दौलत रिव्हेटिंग शॉपमध्ये, म्हणजे रिव्हेट ठोकण्याच्या विभागात होता. रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारा जाड लोखंडी खिळा. तो लाल तापवून भोकात घालायचा. मग एका बाजूने एकाने ठोकायचं, दुसऱ्या बाजूने दुसऱ्याने जड लोखंड दाबून धरायचं. दौलत ठोकणारा, रामा धरणारा. दोघेही जवळच्या गावचे. टाकीवर घाव पडू लागले की तिथे कुणालाच काही ऐकू येत नसे, म्हणून अख्खा शॉप खुणांनी बोले. पाणी, थांब, उचल, मुकादम आला, विडी आहे का, सगळ्याला खूण होती. त्यातल्या निम्म्या तरी दौलतने दिलेल्या. गेटबाहेर लोक त्याला मुक्या म्हणत. शॉपमध्ये मात्र तो चांगला गप्पिष्ट होता, आणि मुकादमाच्या चालण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा.

मग वर्क्स मॅनेजरांनी सेफ्टीसाठी शिट्टी आणली. क्रेन टाकी घेऊन निघाली की मुकादमाने शिट्टी मारायची आणि खालच्यांनी बाजूला व्हायचं.

"सर, लाल निशाण दाखवू या. त्या आवाजात शिट्टी कोण ऐकणार?" मी तेव्हाच म्हणालो होतो.

"कान उघडे ठेवले तर ऐकू येईल."

येत नव्हतीच. एक जण हलला की त्याला बघून दुसरा हलायचा. दौलतला रामा खांद्यावर थाप मारायचा. असं ते चाललं होतं.

एके दिवशी मुंबईहून डायरेक्टर आले. मॅनेजर त्यांना शॉप दाखवत होते. क्रेन निघाली, शिट्टी वाजली, सगळे बाजूला झाले. रामा नेमका पाणी प्यायला गेला होता. दौलत पाठमोरा, वाकून आपलं काम करत राहिला. क्रेनवाल्याने टाकी वेळेवर थांबवली, कुणाला खरचटलंही नाही. पण डायरेक्टरांनी विचारलं, "हा माणूस ऐकत का नाही?" झालं. दौलतच्या हातात चार्जशीट पडलं. आरोप असा की त्याने हुकूम मोडला.

कंपनीतली चौकशी म्हणजे छोटं कोर्ट. फरक इतकाच की आरोप करणारा आणि निकाल देणारा एकच असतो. साक्षीदार आणि दुभाष्या म्हणून मी रामाला घ्यायला लावलं. आधी त्याला भेटून सगळं समजावलं.

"शिट्टी तिथे कुणालाच ऐकू येत नाही, हे सांगायचं. साहेब विचारतील ते दौलतला खुणेने विचारायचं आणि तो म्हणेल ते आम्हाला सांगायचं. जमेल?"

"न जमायला काय झालं साहेब? दिसभर त्येच तर करतो आमी."

मी निर्धास्त झालो.

तर आता रामा आत आला. वहाणा दाराबाहेर काढल्या, टोपी नीट केली, दोन्ही हात पोटाशी बांधले आणि मान खाली घालून उभा राहिला. साहेबापुढे सगळे असेच उभे राहत. हात हलवून बोलणं म्हणजे उर्मटपणा. पाटलापुढे, मामलेदारापुढे त्यांचे बापजादे असेच उभे राहिले होते.

"विचार त्याला, शिट्टी वाजली तेव्हा बाजूला का झाला नाहीस?" मॅनेजर म्हणाले.

रामाने दौलतकडे पाहिलं. बांधलेले हात काही सुटेनात.

"रामा, विचार की," मी म्हणालो.

"साहेबांम्होरं हातवारं कसं करू? बरं न्हाई दिसत," तो पुटपुटला.

"सर, तुम्ही परवानगी द्या त्याला."

"ही चौकशी आहे, तमाशा नाही. काय ते तोंडाने सांगू दे."

"बरं, तोंडाने सांग. शॉपमध्ये शिट्टी ऐकू येते का?"

रामाची मान आणखी खाली गेली. "येती साहेब."

"तुला स्वतःला ऐकू येते?"

"साहेबांनी लावलीया म्हंजी येतीच की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मीच उठून दौलतसमोर गेलो. मोडक्यातोडक्या खुणा मलाही येत होत्या. क्रेन, शिट्टी, का? दौलतचा चेहरा एकदम उजळला. तो भराभरा सांगू लागला. खांद्यावर थाप. रामाकडे बोट. मग हाताने पाणी पिण्याची खूण.

"सर, तो म्हणतोय की रामा पाणी प्यायला गेला होता, त्यामुळे त्याला कुणी सांगितलं नाही."

"बसा खाली. ऑफिसर आहात तुम्ही. आणि हे तुमच्या मनचं नाही कशावरून? काय रे, हेच म्हणाला का तो?"

"मला काय कळलं न्हाई साहेब," रामा म्हणाला.

रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की कामगाराला बचावाची पूर्ण संधी दिली, त्याने काहीही सांगितलं नाही. मी सही करायला नकार दिला. अकाउंट्समधल्या एकाने केली, कुणाचं काही अडलं नाही. युनियनच्या सेक्रेटरीकडे गेलो, तर ते म्हणाले, "बोनसची बोलणी चाललीत राव. एका माणसासाठी आत्ता साहेबाला कशाला दुखवायचं?" दौलतची नोकरी गेली.

तो हिशेब घ्यायला शेवटचा आला तेव्हा पाळी सुटली होती आणि अख्खा शॉप गेटवर जमला होता. सगळे खुणांनी त्याला धीर देत होते. सगळ्यांत पुढे रामा, डोळ्यांत पाणी, हात थांबत नव्हते. दौलतने थोडा वेळ पाहिलं आणि पाठ फिरवली. ऐकू न येणाऱ्याने पाठ फिरवली की त्याच्याशी बोलायची सोय उरत नाही. रामा तरीही त्या पाठीपुढे हात हलवत राहिला.

आता मी रिटायर्ड आहे. ही गोष्ट सांगितली की, कर्णबधिरांसाठी आम्ही काय करावं, असं चांगली चांगली माणसं मला विचारतात. खुणांची भाषा शिकतो म्हणतात. जरूर शिका. खुणा येणारी माणसं त्या शॉपमध्येही भरपूर होती. साहेबाच्या टेबलापुढे त्या करणार असाल, तरच त्या शिकण्याचा काही उपयोग आहे.