पासपोर्टला सातबारा लागत नाही

वहिनीचा धाकटा भाऊ मुरबाडहून आमच्याकडे आला, तो मिठाईच्या पुड्याऐवजी एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका घेऊन. चहा व्हायच्या आत त्याने ती ओटीवर उघडून ठेवली. चहाचे हिरवे डोंगर, त्यांच्यातून वळत जाणारी निळी आगगाडी, शेवटच्या पानावर समुद्र. श्रीलंका. वहिनी, दादा आणि दोन पोरं यांनी जायचं, खर्च सगळा त्याचा.

"अण्णा गेल्यापासून ताईला काय केलं आमी? जरा फिरून येऊ दे तिला," तो म्हणाला. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

सहा वर्षांच्या भाचीने विचारलं, "मामा, विमानाची खिडकी उघडते?" चार वर्षांच्या भाच्याला वेगळी काळजी होती. "तिथं भात मिळतो?"

"भाताचाच देश हाय तो," मामा म्हणाला आणि सगळे हसले. मी हसले नाही. मी पुस्तिका उचलली आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागले.

हा आमच्या घरचा नियम. बाबा शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. धरणाचं पाणी, वनजमिनी, हुंडा, लेकींचा जमिनीतला वाटा. मी बाराखडी गिरवण्याआधी पत्रकांच्या घड्या घालायला शिकले आणि सापगावच्या नाक्यावर ती वाटत मोठी झाले. कुठलाही कागद असो, गॅसचा नाहीतर शाळेचा, तो ओटीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा आणि मगच सही करायची, असं बाबांनी ठरवून दिलेलं. शेवटच्या पानावर, समुद्राखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: अटी लागू.

"कसल्या अटी?" मी विचारलं.

"झालं सुरू! ताई, तुझ्या सासरी लग्नाची पत्रिकापण पंचनाम्यासारखी वाचतात काय गो?"

पुन्हा सगळे हसले. बाबासुद्धा.

वहिनी मात्र पानं उलटत होती. निळ्या गाडीच्या पानावर ती बराच वेळ थांबली. तिला फिरायची किती हौस आहे हे मला माहीत होतं. लग्नानंतर दादाने तिला एकदाच फिरायला नेलं, तेही भातसानगरला, धरणाची भिंत बघायला. "मुंबईला पाणी कुठून जातं ते दाखवलं, मुंबई नाय दाखवली," असं ती अजून सगळ्यांना सांगते, आणि दादा दर वेळी विषय बदलतो.

दुसऱ्या दिवसापासून ती तयारीला लागली. डोंगर चढताना गाडीच्या कुठल्या बाजूला बसलं की दरी दिसते, हे तिने फोनवरच्या व्हिडिओंतून शोधून ठेवलं. भाच्याला गाडी लागते. सरळगाव आलं की जीप थांबवावी लागते. म्हणून दोन रविवार ती दोन्ही पोरांना घेऊन शेअर जीपने मुरबाडला गेली आणि तशीच परत आली, निव्वळ सवय व्हावी म्हणून. पहिल्या रविवारी तो शेजारच्या बाईच्या पिशवीत ओकला. दुसऱ्या रविवारी तो आवळासुपारी चघळत मुरबाडपर्यंत टिकला, तर घरात विमान सुटल्यासारखा आनंद झाला. कल्याणहून पोरांना स्वेटर आणले. एका डब्यावर तिने पट्टी चिकटवली, "मेतकूट, विमान". ते बघून मला आत कुठेतरी लाज वाटायची, पण संशय काही जाईना.

वर्षभर ज्याला बहिणीला फोन करायला फुरसत झाली नव्हती, त्याला तिची एवढी दया कशी आली? दिवाळीच्या आतच कागद व्हायला हवेत असं तो म्हणत होता, ही घाई कसली? दादाला विचारलं तर म्हणाला, "तुला कुणी काही चांगलं केलेलं बघवतच नाही." पण बाबांच्या पत्रकांनी मला एक शिकवलं होतं. फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे बघायचं नाही, देणाऱ्याच्या दुसऱ्या हाताकडे बघायचं.

मग वहिनीच्या भावाने फोनवर कागदांची यादी पाठवली. आधार, पोरांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, फोटो. पाचवं, प्रतिज्ञापत्र: माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे असं. ते मला पटलं. लग्नात दादाने ताटातल्या तांदळात बोटाने तिचं नवं नाव लिहिलं होतं, तेव्हापासून तिचे निम्मे कागद एका बाईचे आणि निम्मे दुसरीचे आहेत. पण यादीत सहावी ओळ होती: सातबारा, वारस नोंदीसह. आणि सातवी: दोन साक्षीदार.

मी ती यादी घेऊन शहापूरला गेले. तहसील कचेरीबाहेर एक म्हातारे टंकलेखक बसतात. बाबांची जुनी पत्रकं त्यांनीच टंकून दिलेली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि यादी डोळ्यांजवळ धरली.

"वरची पाच पासपोर्टची. पासपोर्टला सातबारा कशाला लागेल गो? खालची दोन हक्कसोडाची. मुरबाडला एकच माणूस दोन्ही कामं करत असेल, त्याने एकाच कागदावर लिहून दिली." मग त्यांनी हळूच विचारलं, "कोणाच्या घरची पोरगी?"

"आमच्याच."

बाप गेला की सातबाऱ्यावर भावांबरोबर लेकींचीही नावं चढतात. मग एक दिवस भाऊ गाडी करून बहिणीला दुय्यम निबंधकाकडे नेतो, ती सही करते आणि तिचा वाटा भावांच्या नावे होतो. त्याला हक्कसोड म्हणतात. आमच्याकडे त्यासाठी कोणी जबरदस्ती करत नाही, तशी गरजच पडत नाही. सही करणारीला साडी मिळते. न करणारीला पुढच्या भाऊबीजेला कळतं.

घरी आले तेव्हा वहिनी रवा भाजत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. कट, फसवणूक, श्रीलंका म्हणजे लाच. माझा आवाज सभेतल्यासारखा चढला होता.

तिने गॅस बारीक केला. "माहीत हाय मला."

"माहीत आहे?"

"भाऊ पुस्तिका घेऊन आला त्याच दिवशी. तो माझ्याकडं बघत नव्हता, बाबा काय म्हणतील म्हणून बाबांकडं बघत होता." तिने उलथनं फिरवलं. "गो, तुझ्या दोन्ही आत्यांनी बाबांना सही दिली तेव्हा त्यांना काय मिळालं, ठाऊक हाय? एकेक साडी. मोठ्या आत्या अजून ती हळदीला नेसतात, दाखवतात मला. मला निदान चहाचे डोंगर तरी दिसतील."

लेकींच्या वाट्यावरचं बाबांचं पत्रक मला तोंडपाठ होतं. आत्यांचं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

"मग सही करणार?"

"रवा करपेल," ती म्हणाली. "जा."

तिच्या सहीकडे आमच्या घरातूनही कोणीतरी बघत होतं, हे मला त्याच आठवड्यात कळलं. मुरबाडला वहिनीच्या माहेरच्या जमिनीच्या बाजूला बंगल्यांचे प्लॉट पडायला लागले होते. दादा जेवताना सहज म्हणाला, "सही नको करूस म्हणत नाही मी. पण जमीन शेवटी पोरांचीच." वहिनीने त्याच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "पोरांची का? माझी हाय ती." दादा मान खाली घालून जेवला. त्या दिवसापासून मी फक्त तिच्या भावावर संशय घ्यायचं सोडलं. आम्हा सगळ्यांवरच घ्यायला लागले, स्वतःवरसुद्धा. तिने सही करू नये असं मला वाटत होतं, ते तिच्यासाठी की माझ्या पत्रकांसाठी?

दसऱ्यानंतर भाऊ आला. गाडी अंगणात चालूच ठेवली होती. "चल ताई, मुरबाडला जाऊन दोन मिनटांत येऊ. पासपोर्टचं आणि घरचं, दोन्ही होऊन जाईल." त्याच्या हातात तयार कागद होता.

वहिनी साडी बदलून आली होती. मला वाटलं, ती निघाली. पण ती ओटीवर बसली. "आमच्याकडं कागद वाचल्याशिवाय सही करत नाय. वाच गो."

मी वाचायला घेतलं. गट नंबर, चतुःसीमा, भावांची नावं. मग ते वाक्य आलं: "सदर मिळकतीतील माझा हक्क मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय व कोणताही मोबदला न घेता सोडून देत आहे."

"थांब," वहिनी म्हणाली. "परत वाच." मी परत वाचलं.

ती भावाकडे वळली. "यात श्रीलंका कुठं हाय रे?"

"कागदात कशी असेल?"

"मोबदला न घेता असं लिहिलंय. मग सहल कसली? मोबदला असेल तर लिही, की हिच्या जमिनीच्या बदल्यात हिला आगगाडीत बसवली. नाय तर म्हण, सहल वेगळी, सही वेगळी. मी सहलीला जाऊन येते, सहीचं नंतर बघू."

भाऊ हसला, पण त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं. "असं लिहीत नसतात गो ताई."

"मग अशी सहीपण होत नसते."

गाडी अंगणात घरघरत होती. भाचा स्वेटर घालून दारात आला. भर उन्हात, गळ्यापर्यंत बटणं लावून. "मामा, विमान आलं?" मामाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कागदाची घडी केली आणि निघून गेला. पुस्तिका ओटीवरच राहिली.

पासपोर्टचे अर्ज वहिनीने नंतर शहापूरहून स्वतःच भरले. तिन्ही पासपोर्ट पोस्टाने आले, तिचा आणि पोरांचे. दादाने भरला नाही. ते मेतकुटाच्या डब्याशेजारी ठेवलेत.

भाऊबीजेला ती सकाळपासून तबक तयार करून बसली. निरांजन दोनदा लावलं, दोनदा शांत केलं. दुपार टळल्यावर तिने तबकातली सुपारी काढून डब्यात टाकली. मला म्हटलं, "आता तुमचा कागद काढ, आत्यांच्या सहीचा."

बाबांच्या लोखंडी ट्रंकेत, पत्रकांच्या गठ्ठ्यांखाली तो होता. मी ओटीवर बसून वाचायला लागले. बाबा झोपाळ्यावर होते. दोन्ही आत्यांची नावं, गट नंबर, चतुःसीमा. "राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय व…"

"पुढचं नको वाचू," बाबा म्हणाले. "पाठ आहे मला. मीच लिहिलाय तो मजकूर."

झोपाळा थांबला. मी वहिनीकडे बघितलं. तिने तबक बाजूला सारलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"वाच," ती म्हणाली. "मला पाठ नाय."