साज उतरवताना

बारामतीहून सणसरची एसटी सुटली तेव्हा आभाळ भरून आले होते; पाऊस नव्हता. शब्दांवरच्या सदरासाठी मला ‘साज’ हा शब्द हवा होता. आदल्या दिवशी बेंदूर (बैलांचा सण) झाला होता. बैलांच्या अंगावरचा साज अजून उतरला नसेल, असा अंदाज होता.

इंदापूर तालुका लागला. दोन्ही बाजूंना ऊस. हार घातलेले ट्रॅक्टर दिसत होते. बैल दिसला तो सणसरच्या पुढे, एका वस्तीवर.

मालक तात्या सत्तरीचे. जोडीतला एक बैल गेल्या हिवाळ्यात मेला. उरलेला हरण्या आज डाळजचा एक शेतकरी नेणार होता. तात्यांना तो द्यायचा नव्हता. एकट्या बैलाला औत ओढता येत नाही, असे त्यांच्या मुलाचे म्हणणे. ते खरे होते.

चहाबरोबर कालची पुरणपोळी आली. मी सांगितले, साज शब्द फारसीतला. मूळ अर्थ सरंजाम, कामाची तयारी. नटवणे हा अर्थ नंतरचा. तात्या हरण्याच्या कपाळावरचा गोंडा सोडत होते.

“बरुबर हाय. ह्यो माशा हाकायला. झूल थंडीला. घुंगरं अंधारात गाडी कळावी म्हनून.”

झूल ट्रॅक्टरच्या सीटवर शोभेल, असे मुलगा म्हणाला.

“त्याला थंडी वाजती व्हय?”

इकडे जनावर विकताना दावे (बांधायचा दोर) देत नाहीत. त्याबरोबर घरची लक्ष्मी जाते, असे मानतात. तात्यांनी साजही ठेवून घेतला. टेम्पो घेऊन आलेल्या डाळजकराने आपला नवा दोर बांधून ओढला. हरण्या हलला नाही. शेपूट पिरगाळली, तरी नाही.

“घुंगरं वाजल्याबिगर त्यो पाऊल टाकत न्हाय, तात्या,” मुलगा म्हणाला. “तुमीच सवय लावली.”

 तात्या घुंगुरमाळ उचलून, ती वाजवत टेम्पोकडे चालू लागले. हरण्या मागोमाग गेला आणि फळीवरून वर चढला. डाळजकराने मागचा फाळका लावला.

मला एसटीत बसवायला तात्या फाट्यापर्यंत आले. माळ हातातच होती. टेम्पो केव्हाच गेला होता. तरी ती वाजू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरली होती.

बारामतीत उतरलो. सदरात साजचा मूळ अर्थ लिहिला: कामाची तयारी. त्या माळेचे शेवटचे काम मी पाहिले होते. ते लिहिले नाही.